शिट्टी नको

रात्रपाळी करून ती सव्वाआठला आली.
दोन बाळंतपणं, एक सर्पदंश,
एक जण नुसताच भांडखोर, म्हणाली,
आणि साडीसकट आडवी झाली.

मी कुकरकडे पाहिलं.
हेल्याचं मटण, तेही जून,
चौदा शिट्ट्या मागतं.
कुकर परत फळीवर.
मिक्सर तर नकोच.

जर्मनचं पातेलं काढलं, बुडाला काळं,
गंगाखेडहून सासूनं दिलेलं, एका अंगाला पोचा.
मोठ्याचं सव्वा किलो.
खाजापाशानं मांडीचं काढून दिलं
आणि वर एक नळी,
'सिस्टरबाईला' म्हणून, पैसे न धरता.

पंधरा मिरच्या, सुक्या, देठं खुडून,
गरम पाण्यात तासभर.
मग पाटा.
वरवंटा उचलायचा नाही, नुसता सरकवायचा,
दगडाला दगड बोलू द्यायचा नाही.
ठसका लागला तो मोरीत जाऊन
टॉवेलात खोकून आलो.

कांदा लाल होईस्तोवर कांद्याजवळच.
लसूण. मिरचीचा गोळा. मटण.
पाणी सुटतं, आटतं, तेल कडेला येतं.
मग वर ताट, ताटात पाणी,
ते कढत झालं की आत, पुन्हा ताटात गार.
आच इतकी बारीक
की वाकून बघावं लागतं, आहे का गेली.

एसटीच्या वर्कशॉपात सत्तावीस वर्षं झाली.
बॉनेट न उघडता सांगतो
नोझल गेलं की बेअरिंग.
या पातेल्याचंही कळतं:
आधी चरचर, मग खदखद,
मग दीड तासानं एकच सूर, खालून,
परभणीवरून सुटलेली गाडी
जिंतूरच्या रस्त्याला लागल्यावर येतो तसा.

खिडकीचं बघावं लागतं मधूनमधून.
लग्नानंतर खोली पाहायला गेलो होतो,
मालक म्हणाला, बाकी काही नाही, पण…
आणि 'पण'वर थांबला.
आम्हीही थांबलो थोडं.
मग जिना उतरलो.
आता घर आपलं, म्हणजे बँकेचं, अजून नऊ वर्षं.
तरी मिरची तेलात पडली की
हात आधी खिडकीकडं जातो.
आज अर्धी उघडी ठेवली.
अर्धीच.

तीन तास झाले असतील.
आच निळी, मग पिवळी,
मग नाहीच.
दुसरी टाकी पलंगाखाली.
गडगडत न्यायची नव्हती, म्हणून
पोटाशी धरून उचलली,
झोपलेलं पोरगं एसटीतून उतरवतात तशी,
पाऊल पाऊल, कंबर मोडली तरी आवाज नाही.

आणि ती उठून बसली.

काय झालं? म्हणाली. थांबलं का?

सत्तावीस वर्षांत हे मला सुचायला हवं होतं.
रात्रीच्या गाडीत कोणी हादऱ्यानं उठत नाही,
हॉर्नानं उठत नाही.
इंजिन बंद झालं की
अख्खी गाडी डोळे चोळते,
कोणतं गाव आलं विचारते.

आली स्वयंपाकघरात, केस तसेच.
ताट सरकवलं, एक तुकडा वाटीत घेतला,
अंगठ्यानं दाबला,
शीर शोधताना दाबते तसा, न बघता.
'नाही झालं.'
रिकाम्या टाकीवर बसली.
'येसर टाकलं का?'
'शेवटी टाकायचं ना.'
'आईचं आहे ते, जपून टाका.
यंदा तिच्यानं भाजणं झालं नाही.'
हे मला माहीत नव्हतं.
डब्यात दोन मुठी असेल.

रेग्युलेटर बसवला, वॉशर जुनाच.
काडी ओढली.
पातेलं जरा वेळ गप्प राहिलं,
रुसल्यासारखं,
मग खालून एक बुडबुडा, मग दुसरा,
मग लागलं आपल्या रस्त्याला.

पाचव्या मिनिटाला तिचं डोकं
भिंतीला टेकलं.
तोंड थोडं उघडं, हातात वाटी.
वाटीतला तुकडा तसाच, एका बाजूनं दाबलेला.

मी खाली बसलो, वाटी सुटली तर धरायला.
भाकरीचं पीठ मळायचं होतं.
परात वाजते आमची.